तार ज्याच्या हाती, भाव त्याच्या हाती



या वेळच्या जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेत आम्ही एक विषय घातला आणि तो वाचून काही जण हसले. विषय असा : "आपल्या शेतकरी कंपनीने स्वतःचा संगणक प्रोग्रॅम वायदेबाजाराच्या दलालाच्या सर्व्हरला थेट जोडावा काय?" एका जुन्या कार्यकर्त्याने विचारले, "पऱ्हाटीवर बोंडअळी, ज्वारीला गिऱ्हाईक नाही, आणि तुम्हाला हे संगणकाचे काय सुचते?"

प्रश्न रास्त आहे, म्हणूनच त्याचे उत्तर बैठकीआधी कागदावर देत आहोत. उत्तर थोडक्यात असे, की शेतात कितीही पिकवले तरी त्याची किंमत शेताबाहेर ठरते. ती ठरते त्या जागेपर्यंत ज्याची तार पोचते, तो भाव आधी पाहतो आणि आधी हात घालतो. आपल्याला भाव कळतो तो गाडी काट्यावर उभी राहिल्यावर. हा उशीर आजचा नाही. तो दीडशे वर्षांचा आहे.

खामगावची तार

१८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला. जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला होता, त्याचे उद्घाटन त्याने केले. वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि मुंबईहून लिव्हरपूलला न्यायचा, हा त्या फाट्याचा उद्देश. रेल्वेबरोबर तारही आली, आणि त्याच वर्षी समुद्राखालची केबल मुंबईला लागली. आता लिव्हरपूलचा व्यापारी तारेने मागणी नोंदवू लागला आणि काही आठवड्यांत वऱ्हाडच्या गाठी त्याच्या गोदीत पोचू लागल्या. पुढे पाच वर्षांनी, १८७५ मध्ये, मुंबईत बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन उभी राहिली आणि कापसाचा संघटित वायदा सुरू झाला. आपल्या देशातला संघटित वायदेबाजार कापसापासून सुरू झाला, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

तार खामगावात होती, पण ती कास्तकाराच्या हाती नव्हती. बैलगाडीत कापूस भरून तीन दिवस चालत आलेल्या माणसाला लिव्हरपूलचा भाव काय हे सांगणारे कोणी नव्हते. ज्याला ते ठाऊक होते तोच समोर बसून खरेदी करत होता.

त्या तारेची दुसरी एक औलाद आपल्या घराघरात शिरली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतीचे आणि बंदचे भाव टेलिप्रिंटरने मुंबईला येत आणि त्यांवर लोक आकडा लावत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते आकडे येणे थांबले तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढणे सुरू झाले. "ओपन-क्लोज" हे शब्द अजून तेच आहेत. म्हणजे एकाच तारेचे दोन उपयोग झाले. गिरणीवाल्याने आणि निर्यातदाराने तिच्यावर आपल्या मालाची जोखीम बांधली, आणि गरिबाने तिच्यावर आपली मजुरी उधळली. वायदा आणि आकडा यांत फरक एवढाच की वायदा करणाऱ्याच्या घरात माल असतो. हा फरक आजच्या साऱ्या चर्चेत ध्यानात ठेवावा.

रबराची बोटे

आता ही जोडणी म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगतो. पूर्वी बाजारात ओरडून सौदे होत. मग पडदे आले. २००३ साली देशात एमसीएक्स आणि एनसीडीईएक्स हे दोन मोठे वायदेबाजार पडद्यावर सुरू झाले. आपण दलालाला फोन करायचो, तो कळफलकावर ऑर्डर टाकायचा. नंतर मोबाइलवर ॲप आले, आपण स्वतः बोटाने ऑर्डर टाकू लागलो. तिसरा मार्ग असा, की दलालाने आपल्या सर्व्हरला एक दार ठेवलेले असते. त्याला एपीआय म्हणतात. आपण लिहिलेला किंवा लिहवून घेतलेला प्रोग्रॅम त्या दारावर चावी दाखवतो, आत जातो, भाव घेतो आणि ऑर्डर ठेवतो. दलालाचा सर्व्हर ती ऑर्डर तपासतो, खात्यात पुरेसे मार्जिन आहे का, भाव दिवसाच्या मर्यादेत आहे का ते पाहतो आणि बाजाराकडे पाठवतो. माणसाचे बोट मधून गेले, एवढाच बदल.

पण हा बदल सहज झाला नाही. अमेरिकेत थॉमस पेटरफी नावाचा हंगेरीहून आलेला एक माणूस होता. १९८७ मध्ये त्याने नॅसडॅक बाजाराच्या टर्मिनलची तार कापून ती आपल्या संगणकाला जोडली. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने सांगितले की हे नियमात बसत नाही, ऑर्डर कळफलकावरूनच टाकली पाहिजे. पेटरफीने आठवडाभरात रबराची बोटे असलेले एक यंत्र बनवले. संगणक हुकूम देई आणि ती बोटे कळफलकावर टकटक करत. नियम पाळला गेला आणि यंत्रही चालले! याच माणसाने पुढे इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्स ही पेढी काढली आणि बाहेरच्या प्रोग्रॅमांना दार उघडून दिले.

ही गोष्ट ऐकताना आपल्याला हसू येते, पण तिच्यात आपली कथा आहे. हत्यार तयार असते, वापरणारा तयार असतो, आणि मधे एक नियम उभा असतो की हे काम जुन्याच रीतीने झाले पाहिजे. बियाण्याच्या बाबतीत आपण हेच भोगले. कापसाच्या बाबतीत तर १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीने तीस वर्षे आपल्याला एकाच दारात उभे केले. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी गाडी सीमेवर अडवली जाई. आपल्या घामाचा माल आणि तो नेणारा चोर ठरे. म्हणून तंत्रज्ञानाच्या आणि बाजाराच्या स्वातंत्र्याचा मुद्दा निघाला की आमची भूमिका ठरलेली आहे. दार सगळ्यांना उघडे हवे. तारेलाही हाच न्याय.

पण सावध!

एवढे म्हणून आम्ही थांबलो तर तो तुमचा घात होईल. कारण तारेच्या नावाने आज गावात येणारा माणूस वायदा विकत नाही, आकडा विकतो.

आमच्याच एका कार्यकर्त्याच्या घरची गोष्ट. मुलगा शिकलेला, नोकरी नाही. तालुक्याच्या गावी एकाने त्याला सांगितले की आमचा प्रोग्रॅम तुझ्या खात्याला जोडू, तू झोप, यंत्र कमावेल, महिन्याला ठरलेला नफा. कापसाच्या दोन गाड्यांचे पैसे खात्यात गेले. प्रोग्रॅम जोडणारा फी घेऊन मोकळा झाला, दलालाला प्रत्येक सौद्यावर दलाली मिळाली, सरकारला कर मिळाला. पोराच्या खात्यात दिवाळीपर्यंत काही उरले नाही. बाप आम्हाला म्हणाला, "अळीने खाल्ले असते तर निदान पऱ्हाटी तरी दिसली असती."

हे एका घरचे दुःख नाही. शेअरच्या वायद्यांबद्दल सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्या बाजारात उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. एकट्या २०२३-२४ मध्ये खर्च वजा करण्याआधी स्वतःच्या भांडवलावर खेळणाऱ्या पेढ्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परकीय गुंतवणूकदारांनी सुमारे २८ हजार कोटी मिळवले. त्या पेढ्यांच्या नफ्यापैकी ९६ टक्के आणि परकीयांच्या नफ्यापैकी ९७ टक्के नफा यंत्रांनी केलेल्या सौद्यांतून आला.

हे आकडे शेअर बाजाराचे आहेत, कापसाचे नाहीत. पण अर्थ स्पष्ट आहे. यंत्राविरुद्ध यंत्राची शर्यत लागली तर आपण हरणार. त्यांची यंत्रे बाजाराच्या सर्व्हरशेजारच्या खोलीत ठेवलेली असतात, आपली जोडणी टॉवरवरून डुलत येते. वेगाच्या शर्यतीत बैलजोडी उतरवू नये. जो कोणी तुम्हाला "हमखास नफ्याचा" प्रोग्रॅम विकायला येईल त्याला एकच प्रश्न विचारा : तो हमखास आहे तर विकतोस कशाला?

मोठ्यांचीही यंत्रे चुकतात, हेही ऐकून ठेवा. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या बड्या पेढीने नवा प्रोग्रॅम चढवला. आठ सर्व्हरपैकी एकावर तो चढवायचा राहिला आणि तिथे जुना निरुपयोगी भाग जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त बुडाले आणि पेढीची स्वतंत्र वाटचाल संपली. माणसाची चूक एक पोते सांडते, यंत्राची चूक कोठार रिकामे करते.

मग आपल्याला तार कशाला?

आपल्या घरात माल आहे, म्हणून. २०२१-२२ चा हंगाम आठवा. बहुतेकांनी दिवाळीच्या आसपास गरजेपोटी कापूस विकला. पुढे मे २०२२ मध्ये रुईचा भाव खंडीला एक लाख रुपयांवर गेला. पुढच्या वर्षी आपण शहाणे झालो असे वाटले. घरात, पडवीत, झोपायच्या खोलीत कापूस भरून ठेवला, अंगाला खाज सोसली, आणि भाव चढण्याऐवजी उतरत गेला. दोन्ही वर्षी आपण अंदाज बांधला आणि दोन्ही वर्षी तो चुकला. गिरणीवाला असा अंदाजावर जगत नाही. तो माल घेतानाच वायद्यात आपला भाव बांधून टाकतो. हे बांधणे आपल्यालाही जमले पाहिजे.

प्रोग्रॅमचे पहिले काम ऑर्डर टाकण्याचे नाही. ते वाचण्याचे आणि हिशेबाचे आहे. क्विंटलभर कापसात साधारण ३४ किलो रुई आणि ६३-६४ किलो सरकी निघते. बाजारातली खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो रुई. समजा मार्चचा वायदा खंडीला ५६ हजार चालू आहे. म्हणजे रुई किलोला सुमारे १५७ रुपये आणि ३४ किलोची किंमत सुमारे ५,३५० रुपये. सरकी ३५ रुपये धरली तर तिचे सुमारे २,२०० रुपये. बेरीज ७,५५० च्या घरात. त्यातून जिनिंग-प्रेसिंग, वाहतूक आणि व्यापाऱ्याची वाजवी कमाई वजा करा, उरेल तो तुमच्या दारातला भाव. त्यापेक्षा पाचशे कमी कोणी सांगत असेल तर तो तुम्हाला लुटतो आहे हे त्याच क्षणी कळेल. सरकीच्या ढेपेचा वायदा तर अकोल्याच्या भावावर बेतलेला आहे, त्यावरून सरकीचीही दिशा लागते. हा हिशेब दर अर्ध्या तासाला करून गावच्या फळ्यावर आणि सभासदांच्या मोबाइलवर पाठवणारा प्रोग्रॅम कॉलेजातले पोर आठवड्यात लिहील. यात एक रुपयाचा जुगार नाही, आणि खामगावपासून चालत आलेला उशीर इथे संपतो.

दुसरे काम भाव बांधण्याचे. इथे मात्र अडचणी आहेत आणि त्या लपवून उपयोग नाही. एमसीएक्सवर रुईचा करार पूर्वी २५ गाठींचा होता. २०२३ मध्ये नव्याने आणला तो ४८ खंड्यांचा, म्हणजे सुमारे शंभर गाठींचा. शंभर गाठींना कापूस लागतो सुमारे ५०० क्विंटल. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरा, शंभर एकरांचे पीक झाले! पाच एकरवाल्या वीस कास्तकारांनी मिळून एक सौदा. एकट्यादुकट्याला हे दार बंदच. कच्च्या कापसाचा चार टनांचा लहान करारही बाजाराने आणला, पण तो गुजरातच्या व्ही-७९७ या देशी वाणावर बेतलेला. आपल्या लांब धाग्याच्या संकरित कापसाशी त्याची चाल जुळेलच असे नाही.

म्हणून आम्ही शेतकरी कंपनीचे नाव घेतो. समजा कंपनीने सभासदांच्या वतीने एक करार ५६ हजारांनी विकला. भाव ५२ हजारांवर आला तर खंडीमागे चार हजार, म्हणजे ४८ खंड्यांवर १ लाख ९२ हजार रुपये कंपनीला वायद्यात मिळतील. ५०० क्विंटलांवर वाटले तर क्विंटलला ३८४ रुपये. बाजारात भाव पडल्याचे नुकसान बरेचसे भरून निघाले. भाव उलटा ६० हजारांवर गेला तर तेवढेच पैसे वायद्यात जातील, पण घरातला कापूस तितकाच महागलेला असेल. म्हणजे चढला तरी आपला भाव तोच, पडला तरी तोच. रात्री झोप लागते.

अडचण अशी की वायद्यातला तोटा रोजच्या रोज रोख भरावा लागतो, आणि घरातला कापूस तर विकायचाच असतो. भाव खंडीला दोन हजारांनी चढला की ९६ हजार रुपये लगेच पाहिजेत. नाही भरले तर दलाल सौदा तोडतो. पुढे भाव पडला तरी मग त्याचा उपयोग नाही. गिरणीवाल्याला यासाठी बँक उभी राहते. आपल्याला बँक पीककर्जालाच चार हेलपाटे घालायला लावते. तार आहे पण तारेमागे थैली नाही, अशी आपली अवस्था. बैठकीत यावर आधी बोलले पाहिजे.

नियम काय म्हणतात?

४ फेब्रुवारी २०२५ रोजी सेबीने किरकोळ गुंतवणूकदारांच्या यंत्र-सौद्यांसाठी परिपत्रक काढले. त्याची अंमलबजावणी मुदती वाढवत टप्प्याटप्प्याने ठरली. मुख्य गोष्टी अशा. कोणालाही उघडे दार ठेवायचे नाही, प्रोग्रॅम ज्या संगणकावरून बोलेल त्याचा ठरीव पत्ता दलालाकडे नोंदवायचा. सेकंदाला ठरलेल्या संख्येपर्यंत, म्हणजे दहापर्यंत, ऑर्डर टाकणाऱ्याला आपला प्रोग्रॅम बाजाराकडे वेगळा नोंदवावा लागत नाही. त्यावर गेले की नोंदणी. स्वतः बनवलेला प्रोग्रॅम स्वतःसाठी आणि जवळच्या कुटुंबासाठीच चालवता येतो. आणि दुसऱ्यांना प्रोग्रॅम विकणाऱ्यांना बाजाराकडे नाव नोंदवणे भाग आहे.

यातला शेवटचा नियम आम्हाला पटतो. वर सांगितलेल्या पोराला लुटणाऱ्याला निदान नाव-पत्ता तरी असेल. दहा ऑर्डरींची मर्यादाही आपल्याला जाचत नाही. आपल्याला सेकंदाला दहा नकोत, हंगामात दहा पुरेत. पण ठरीव पत्त्याचे पाहा. गावात मोबाइलच्या जोडणीवर पत्ता बदलत राहतो. शहरात भाड्याचा सर्व्हर घ्यायचा तर त्याचा खर्च आणि उस्तवार वेगळी. आणि कुटुंबाच्या नियमामुळे गावातला एखादा हुशार पोरगा वीस शेजाऱ्यांच्या खात्यांवर प्रोग्रॅम चालवू शकत नाही. म्हणून पुन्हा तेच : कंपनीचे स्वतःचे खाते, कंपनीचा एक सर्व्हर, कंपनीचा एक प्रोग्रॅम.

तार टाकली, दुकान बंद

आता मुळावर येऊ. आपण सगळे जमवले, पोरगा मिळाला, सर्व्हर मिळाला, पैसाही मिळाला. तार जोडली. तिकडे काय आहे? डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने सोयाबीन, हरभरा, मूग, गहू, मोहरी, बिगर-बासमती धान आणि कच्चे पामतेल यांचे वायदे एका आदेशाने बंद केले. मुदतवाढीवर मुदतवाढ देत ही बंदी २०२६ सालापर्यंत ओढली. तूर आणि उडीद तर जानेवारी २००७ मध्येच थांबवले. म्हणजे कापसाच्या बांधावर आणि कापसाच्या ओळींत जे जे आपण घेतो त्या सगळ्यांच्या दुकानाला कुलूप! ज्वारीचे तर नावच नको.

आणि कापूस? ऑगस्ट २०२५ मध्ये पेरणी झाली, खत टाकून झाले, फुले-पात्या लागल्या, आणि सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत. नेमका आपला माल बाजारात यायचा काळ. हमीभाव आदल्याच उन्हाळ्यात जाहीर झाला होता, मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११०. एका हाताने पाटीवर भाव लिहायचा आणि दुसऱ्या हाताने बाजार पाडायचा, ही जुनीच रीत. वायदा हा आरसा आहे. भाव चढला की सरकार आरसा फोडते, पडला की आरशाकडे पाहत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे, की तारेचे स्वातंत्र्य आणि बाजाराचे स्वातंत्र्य ही एकच मागणी आहे. एक मिळून दुसरे न मिळाले तर तार फक्त आकडा लावायला उरेल. आज पोरे शेअरच्या सट्ट्याकडे वळली त्याचे एक कारण हेही आहे, की त्यांच्या बापाच्या पिकाचा सरळ वायदा करायची वाट सरकारने बुजवली आणि सट्ट्याची वाट मोकळी ठेवली.

जिथे जोडाल तिथे हे पाळा

ज्या कंपन्या हे करून पाहणार असतील त्यांच्यासाठी आमच्या काही अटी आहेत.

एक. सभासदांच्या खात्रीच्या पिकाच्या निम्म्यापेक्षा जास्त कधीही विकायचे नाही. बोंडअळीने अर्धे नेले तरी सौदा मालाच्या आत राहिला पाहिजे. आणि विकत घ्यायचे तर मुळीच नाही, आपण विकणारे आहोत.

दोन. प्रोग्रॅमने ऑर्डर टाकायची ती ठरीव भावाचीच, "मिळेल त्या भावाने" नाही. सोन्याच्या किंवा कच्च्या तेलाच्या मानाने कापसाच्या वायद्यात उलाढाल तुटपुंजी. पातळ बाजारात मिळेल त्या भावाची ऑर्डर म्हणजे आंधळ्याने विहिरीत उडी.

तीन. वीज जाईल, नेट जाईल, हे धरूनच प्रोग्रॅम लिहायचा. ऑर्डर पाठवली आणि उत्तर आले नाही, तर पुन्हा पाठवायची नाही. आधी दलालाच्या सर्व्हरला विचारायचे, "माझ्या नावावर काय उभे आहे?" हे न विचारता पुन्हा पाठवली तर एका पिकाची दोनदा विक्री होते.

चार. चावी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या एकट्याच्या खिशात नको. यंत्राने सुचवावे आणि दोन संचालकांनी होकार द्यावा. आपल्याला घाई नाही. रबराच्या बोटांऐवजी आपली दोन बोटे राहू द्या.

पाच. पूर्ण एक हंगाम कागदावर चालवायचा. वहीत लिहा, काय विकले असते, रोज किती भरावे लागले असते. ती वही सभासदांच्या सभेत वाचा. मग ठरवा.

बैठकीपुढचे ठराव

आमच्या वतीने हे ठराव मांडत आहोत. रुईचा करार पुन्हा २५ गाठींचा किंवा त्याहून लहान करावा. शेतमालाचे बंद केलेले वायदे उघडावेत, आणि हंगामाच्या मधे एका आदेशाने बाजार बंद करण्याचा सरकारचा अधिकार काढून घ्यावा. पेरणीनंतर आयात शुल्कात फेरबदल करू नये. वखारीतल्या मालाच्या पावतीवर रोजच्या मार्जिनसाठी बँकांनी कर्ज द्यावे. आणि शेतमालाचे वायदेभाव शेतकरी कंपन्यांच्या प्रोग्रॅमांना विनामूल्य वाचता यावेत. पिकवतो आम्ही आणि त्याचा भाव वाचायला फी आम्हीच द्यायची, हा कोणता न्याय?

सरकारने आम्हाला प्रोग्रॅम वाटावेत, सर्व्हरवर सूट द्यावी, अशी एकही मागणी यात नाही. ती आम्ही करणारही नाही. आमच्या वाटेतून बाजूला व्हा, एवढेच मागणे आहे.

भावांनो, ज्या वऱ्हाडात दीडशे वर्षांपूर्वी कापसासाठी तार आली, तिथला कास्तकार आजही गाडी काट्यावर चढवून विचारतो, "आज काय भाव?" हा प्रश्न ज्या दिवशी घरून निघण्याआधी सुटेल, त्या दिवशी अर्धी लढाई जिंकली. बैठकीला येताना आपल्या गावातले एखादे संगणक जाणणारे पोरगे किंवा पोरगी सोबत आणा. सट्ट्यात गेलेले असेल तर त्याला जरूर आणा. त्याला बाजार कळतो, फक्त माल आपला धरायचा असतो हे त्याला कोणी सांगितले नाही.